पिवळ्या पाट्यांचा मुलूख

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस, वॅले प्रांताच्या अगदी वरच्या टोकाला, ऱ्होन नदी हिमनदीतून नुकतीच सुटून जिनिव्हाच्या सरोवराकडे निघालेली असताना ज्या पहिल्या रुंद खोऱ्यातून वाहते, त्याला गोम्स म्हणतात. युंगफ्राऊ आणि टिटलिस ही नावे प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींनी मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचविली आहेत. गोम्सचे नाव मात्र तेथून आगगाडीने वा मोटारीने जाणाऱ्यांपैकीही थोड्यांच्याच कानी पडते, आणि ही उपेक्षा त्या खोऱ्याच्या पथ्यावरच पडली आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. उपजीविकेच्या निमित्ताने मी ह्याच प्रांतातील फिस्प गावी एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षे नोकरी केली. कामाचे दिवस कारखान्याचे आणि सुट्टीचे दिवस गोम्सचे, अशी आयुष्याची वाटणी हळूहळू होऊन गेली. निवृत्त होऊन पुण्यास परतल्यावर असे ध्यानात आले की नोकरीने निवृत्तिवेतन दिले खरे, परंतु ज्याला शिकणे म्हणावे ते बहुतांशी त्या खोऱ्यातल्या पाऊलवाटांवर आणि एका जुन्या, जड सायकलीवर बसूनच झाले.

त्या मुलुखात पायी हिंडू लागलेल्या नवख्या माणसाची पहिली गुरू म्हणजे पिवळी पाटी. प्रत्येक स्टेशनाबाहेर, जंगलात दोन वाटा फुटतात त्या प्रत्येक फाट्यावर, आणि जेथे दिवसभरात चिटपाखरूही फिरकत नसेल अशा खिंडीतसुद्धा ही पाटी उभी असते, व तिच्यावर पुढील ठिकाणाचे अंतर नव्हे, तर तेथे पोचावयास लागणारा वेळ लिहिलेला असतो. सह्याद्रीत ज्याने उमेदीच्या वयात गड पालथे घातले आहेत त्याला, वाटेतल्या गुराख्याने 'हे काय, त्या टेपाडापल्याड' असे सांगितल्यावर पुढे दोन डोंगर चढावे लागण्याची सवय असते. त्यामुळे हा वेळ मोजतो तरी कोण, ह्याचे मला मोठे कुतूहल वाटे. माझ्याच इमारतीत राहणारे एक निवृत्त रेल्वे-कर्मचारी, ज्यांची सारी हयात गाड्यांच्या वेळापत्रकात गेली होती, त्यांनी एके दिवशी पाटीखाली उभे राहून तो हिशेब मला समजावून दिला. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर ही चाल धरावयाची, तीत चढ-उताराचा हिशेब मिळवावयाचा, आणि विसाव्याचा एकही क्षण धरावयाचा नाही. "पाटी तुम्हाला घाई करीत नाही आणि तुमच्यासाठी थांबतही नाही," ते म्हणाले, "परतीची शेवटची गाडी मिळेल की नाही, एवढेच ती सांगते."

ह्या पाट्यांच्या मागे केवढा कारभार आहे ते मला फार उशिरा समजले. १९३४ साली, मोटारींनी रस्ते व्यापून पादचाऱ्याला धुळीत ढकलण्यास आरंभ केला होता त्या काळात, योहान याकोब एस नावाच्या एका शिक्षकाच्या पुढाकाराने पायवाटांच्या रक्षणासाठी संस्था निघाली, आणि देशभर एकाच रंगाच्या, एकाच धाटणीच्या पाट्या हव्यात हा आग्रह तिने धरला. १९७९ साली मतदारांनी पायवाटांना थेट राज्यघटनेत स्थान दिले. १९८५ च्या कायद्याने त्या राखण्याची जबाबदारी प्रांतिक सरकारांवर टाकली. आणि २०१८ साली पुन्हा एकदा मतदान होऊन सायकलीच्या वाटाही त्याच कलमात दाखल झाल्या. कायद्यातील एक तरतूद मला विशेष मनोज्ञ वाटते. एखाद्या पायवाटेवर डांबर पडले, तर तिची भरपाई म्हणून चालणाऱ्याला दुसरी वाट शोधून द्यावयाची. पिवळी पाटी सामान्य वाटेसाठी, पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा डोंगरवाटेसाठी, आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा जेथे दोर व हिमकुऱ्हाड लागण्याचा संभव आहे अशा वाटेसाठी, अशी ही लिपी सुमारे ६५,००० किलोमीटर वाटांवर लिहिलेली आहे, आणि ती वाचावयास जर्मन यावी लागत नाही. मला तर आरंभी ती मुळीच येत नव्हती.

हे रेल्वेतले गृहस्थ पुढे माझे चालण्यातले सोबती झाले. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गोम्सच्या उन्हाकडच्या अंगाने जाणाऱ्या उंच वाटेवर निघालो तेव्हा ते इतक्या मंद गतीने चढू लागले की त्यांची प्रकृती बरी नसावी अशी मला शंका आली. अर्धा तास त्यांनी तीच गती ठेवली, एक तासाने तीच ठेवली, आणि दुपारी, लार्चच्या रानातून शेवटचा चढ लागला तेव्हाही तीच ठेवली. फरक एवढाच की सकाळी मी त्यांच्या पुढे होतो आणि आता मागे. बोलता बोलता चढता येईल एवढाच वेग खरा, धाप लागून वाक्य तुटले की पाय आपल्या ऐपतीबाहेर खर्च करू लागले असे समजावे, हा त्यांचा एकमेव नियम होता, आणि तो त्यांनी कधी उपदेश म्हणून सांगितला नाही. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ते अभिवादन करीत. खाली फिस्पच्या रस्त्यावर हेच लोक एकमेकांकडे न पाहता जातात, परंतु डोंगरात नमस्कार न करता पुढे जाणे असभ्यपणाचे मानले जाते. शिवाय दोन हजार मीटरच्या वर गेले की अहोजाहो संपून एकेरी सुरू होते, असाही एक जुना संकेत आहे. आमच्या बाबतीत मात्र मीच तो मोडला. त्यांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करणे माझ्या जिभेला कोणत्याही उंचीवर जमले नाही, आणि त्याचे त्यांना अखेरपर्यंत हसू येत राहिले.

पायी चालणाऱ्याला खोरे तुकड्यातुकड्यांनी दिसते. सलग दिसावे तर सायकल हवी. माझा शिरस्ता असा असे की ब्रिगहून तांबड्या रंगाच्या अरुंद रुळांच्या गाडीत सायकल चढवावयाची, १,३६८ मीटर उंचीवरच्या ओबरवाल्डला उतरावयाचे, आणि नदीच्या सोबतीने, आंडरमाटहून जिनिव्हापर्यंत जाणारा जो पहिल्या क्रमांकाचा राष्ट्रीय सायकलमार्ग आहे त्याने, गावे मागे टाकीत खाली यावयाचे. ओबरवाल्डचे स्टेशन म्हणजे फुर्काच्या बोगद्याचे तोंड. १९८२ साली हा पंधरा किलोमीटरांहून अधिक लांबीचा बोगदा खुला होईपर्यंत हिवाळ्यात ह्या खोऱ्याचे पूर्वेकडचे दार बंदच असे. तेथून खाली येताना गावामागून गाव लागते आणि प्रत्येकाचा चेहरा एकच भासतो: उन्हाने जळून काळी पडलेली लार्चच्या लाकडाची घरे, खिडक्यांत तांबडी फुले, मधोमध चुन्याने रंगविलेले पांढरे चर्च, आणि कडेला धान्याची कोठारे. ही कोठारे खुरट्या लाकडी खांबांवर उभी असतात व प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखा एक रुंद, चपटा दगड ठेवलेला असतो, जेणेकरून उंदीर खांब चढून आला तरी त्या दगडाच्या पालथ्या बाजूवरून पुढे जाऊ शकत नाही. अशा एका दगडावर हात फिरवून मी कितीतरी वेळ उभा राहिलो असेन. कडा घासून गुळगुळीत झालेली, वरच्या तुळईच्या भाराने मध्यभागी किंचित पांढुरकी पडलेली ती शिळा, आणि खांबाला तिच्यापर्यंत कोठे एक खिळासुद्धा नाही.

ह्या काळ्या गावांच्या ओळीत ओबरगेस्टेल्न तेवढे दगडी आहे. १८६८ साली तेथे आग लागून गाव भस्मसात झाले आणि ते पुन्हा बांधताना लोकांनी लाकडावरचा विश्वास सोडला. थोडे खाली नीडरवाल्ड, जेथे १८५० साली एका शेतकऱ्याच्या घरी सेझार रिट्झ जन्मला. ऐश्वर्याची परमावधी म्हणून ज्याचे नाव पॅरिस-लंडनच्या हॉटेलांवर झळकले त्याच्या जन्मगावी चहा मिळेल अशी जागा त्या दिवशी मला सापडली नाही. पुढे फ्यूरगांगेन आणि म्यूलेबाख ह्यांच्यामध्ये २०१५ साली बांधलेला २८० मीटर लांबीचा झुलता पूल आहे, नदीच्या वर ९२ मीटर. त्यावरून मी एकदाच गेलो. पुलाविषयी माझी तक्रार काही नाही.

सायकलीने मला दोन गोष्टी शिकविल्या. पहिली वाऱ्याची. ऱ्होनच्या खोऱ्यात उन्हे तापली की दुपारनंतर वारा खालून वर वाहू लागतो; त्यामुळे ब्रिगच्या पलीकडे फिस्पच्या सपाटीवर पोचलो की उतार संपलेला आणि वारा नेमका छातीवर, असा योग हमखास येई, व जेवण आटोपून रमतगमत निघण्याची पुणेरी हौस तेथे महाग पडे. दुसरी गोष्ट अग्रक्रमाची. ज्या वाटेवर दोघांनाही मुभा आहे तेथे चालणारा थोर आणि सायकलस्वार धाकटा. घंटी वाजवावयाची ती 'मी येत आहे' ह्याची वर्दी म्हणून, 'बाजूला व्हा' हा हुकूम म्हणून नव्हे, आणि वाट अरुंद असली तर उतरून सायकल हातात धरावयाची. कागदावरचे नियम काहीही असोत, खोऱ्यात हा रिवाज पाळला जातो, आणि तो पाळला जातो म्हणूनच एकाच वाटेवरून शाळकरी मुले, काठ्या टेकीत जाणाऱ्या आजीबाई आणि शिरस्त्राण घातलेले तरुण एकमेकांना न खेकसता जाऊ शकतात.

नुफेनेनच्या घाटाबद्दल न लिहावे तर ते अपुरेपणाचे होईल. १९६९ साली वाहतुकीला खुला झालेला हा रस्ता उल्रिखेन गावापासून निघून तेरा किलोमीटरांत १,३४६ मीटरांवरून २,४७८ मीटरांपर्यंत चढतो. अशा चढावर माणूस आपल्या देहाशी जो संवाद करतो तो छापण्याजोगा नसतो. वळणावर थांबून पाणी प्यावयास लाज वाटू नये, हे शिकण्यास मला तेथे बरीच वर्षे लागली. एकदा असाच एका वळणावर मी वाकून श्वास घेत असता सत्तरी ओलांडलेल्या एक बाई ताठ बसून, गालातल्या गालात हसत, नमस्कार करून पुढे गेल्या. त्यांची सायकल विजेवर चालणारी होती हे मला त्या पार वळसा घेऊन गेल्यावर दिसले. विजेच्या सायकलींनी डोंगराची प्रतिष्ठा घालविली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. ज्या बाईंनी तरुणपणी ह्याच उतारांवरून पाठीवर गवताचे भारे वाहिले असतील त्यांना म्हातारपणी हा घाट फुकट मिळाला तर कोणाचे काय बिघडते?

आता ज्या प्रसंगाने माझी दृष्टी बदलली तो सांगतो. कारखान्यात माझ्याबरोबर पाळीत काम करणारा एक सहकारी म्युन्स्टरजवळच्या एका गावचा होता. पहाटे गाई दोहून तो कामावर येई आणि कामावरून जाऊन पुन्हा गोठ्यात शिरे. ह्या प्रांतात अशी दुहेरी माणसे पूर्वी फार होती आणि अद्यापही आहेत. एका उन्हाळ्यात तो म्हणाला, "रविवारी तू सायकल घेऊन येतोसच, तर दोन तास दंताळे धर; जेवण आमच्याकडे." गेलो. त्याच्या घरामागची कुरणे इतकी उभी होती की सपाट भागात चालणारे यंत्र तेथे उलटलेच असते; मधला भाग तो हाताने धरण्याच्या दुचाकी यंत्राने कापी, आणि दगडांच्या कडेचे, ओढ्याच्या काठचे, झाडाच्या बुंध्याभोवतीचे गवत लांब दांड्याच्या, दोन्ही हातांनी चालवावयाच्या विळ्याने. त्याच्या पट्ट्याला पाणी भरलेले गाईचे शिंग अडकविलेले होते व त्यात निसण्याचा दगड बुडवून ठेवलेला असे; दर थोड्या वेळाने तो विळा उलटा उभा करून त्या ओल्या दगडाने पात्याच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने झरझर धार लावी, आणि दगड न पाहताच शिंगात परत सोडी. मागून त्याची ऐंशीच्या घरातली आई दंताळ्याने गवत ओढीत येत होती आणि मी ओढलेली जागा पुन्हा एकदा ओढीत होती. माझ्या कामाविषयीचे मत तिने शब्दांत सांगितले नाही.

दोन मूठ गवतासाठी एवढा खटाटोप कशाला, दुधाचा भाव पाहता तो परवडतो तरी का, असे मी विचारले. सहकारी म्हणाला की उभ्या उतारांवरची कापणी चालू राहावी म्हणून सरकार वेगळे अनुदान देते. आईने मात्र दंताळे थांबवून वरच्या डोंगराकडे बोट केले आणि म्हणाली, "लांब गवत आडवे पडले की बर्फाला घसरायला गादी मिळते." तिचे माहेर रेकिंगेनचे. १९७० च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस पहाटे तेथे जो हिमप्रपात कोसळला त्यात ३० माणसे गेली, त्यांत मुक्कामास असलेले लष्करी अधिकारी पुष्कळ होते. तो प्रपात गवताने आला नव्हता, तो फार वरून आला होता, हे तीही जाणत होती. परंतु ज्या मुलुखात वरून काय येईल ह्यावर आपला अंमल चालत नाही, तेथे खालचे जेवढे हातात आहे तेवढे तरी चोख ठेवावे, ही तिची वृत्ती होती. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात बटाटे, कांद्याची पात, सफरचंद आणि चीज भरून भाजलेली गोम्सची ती प्रसिद्ध पेस्ट्री खाताना, इतकी वर्षे ज्या हिरव्या मखमली उतारांना मी निसर्गाची कृपा समजून पाहत आलो होतो ते वस्तुतः ह्या म्हातारीच्या दंताळ्याची कृपा आहेत, ही गोष्ट मला प्रथमच स्पष्ट दिसली.

मग मी जुन्या कागदांकडे वळलो, कारण कारभाराची आवड हा आम्हा पुणेकरांचा आनुवंशिक दोष आहे. फिस्पहून बसने थोड्या वेळात पोचता येते असे ट्योर्बेल नावाचे एक गाव आहे. तेथील रहिवाशांनी १४८३ साली एक दस्तऐवज करून आपली सामाईक कुरणे, रान आणि पडीक जमीन ह्यांची व्यवस्था लावण्यासाठी संघ स्थापिला, आणि १५१७ च्या एका नियमाने असे ठरविले की ज्याला जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर हिवाळाभर पोसता येतील तितक्याच त्याने उन्हाळ्यात वरच्या गायरानात पाठवाव्यात. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात ह्या गावाचे उदाहरण घेतले, आणि सामाईक संपत्तीच्या व्यवस्थेवरील संशोधनासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील गायरानांचे काय झाले हे वाचकांस ठाऊक आहे. ट्योर्बेलची माणसे आपल्या गावच्या माणसांहून अधिक सज्जन होती असे मानण्यास काही आधार नाही. फरक आहे तो नियम ज्यांनी केला त्यांनीच तो राबविला, आणि मोडणाऱ्याकडून दंडही त्यांनीच वसूल केला, एवढ्यात.

ह्या सुव्यवस्थेत दात दाखविणारे प्रसंगही येतात. १९९५ पासून इटलीच्या बाजूने लांडगे पुन्हा वॅलेमध्ये येऊ लागले, आणि मेंढ्यांच्या कळपांबरोबर पांढरी, दांडगी राखणदार कुत्री दिसू लागली. एका वरच्या कुरणातून गाडीरस्त्याने सायकलीवर येत असता अशी दोन कुत्री भुंकत माझ्या दिशेने धावत आली. अशा वेळी करावयाचे ते पाटीवर चित्रे काढून सांगितलेले असते: उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, काठी उगारू नका, नजर रोखू नका, शांत स्वरात बोला आणि थांबा. मी बोललो ते मराठीत, कारण अशा क्षणी जर्मन विभक्ती आठवत नाहीत. एक कुत्रे चाकाला हुंगून गेले, दुसरे माझ्या मांडीपाशी नाक आणून घटकाभर उभे राहिले. त्याचा उष्ण श्वास पँटमधून जाणवत होता. मग कळपाला आपल्यापासून धोका नाही अशी खात्री पटताच दोघेही असे परत वळले की जणू मी तेथे नव्हतोच. ओरडाआरडा न करता कर्तव्य संपले की बाजूला होणारे पहारेकरी मी माणसांत इतके पाहिलेले नाहीत.

पुण्या-मुंबईचे आप्त दर उन्हाळ्यात येत, आणि त्यांना खोरे दाखविण्याचे काम माझ्याकडे असे. एका वर्षी भाचा आणि त्याची पत्नी ह्यांना घेऊन मी फीशहून वर जाणाऱ्या दोरगाडीने चढलो, आणि आलेचची हिमनदी जेथून जवळून दिसते त्या बाजूला आम्ही पायी निघालो. ही आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी, सुमारे वीस किलोमीटरांची. तिच्या दर्शनासाठी तो आसुसला होता. दुपारी बारानंतर दक्षिणेकडचे ढग फुगून त्यांचे माथे पसरट होऊ लागले. मी परत फिरण्याचे सुचविले तेव्हा तो म्हणाला, "मामा, इतक्या लांबून आलो, आणि आता अर्ध्या तासासाठी मागे फिरायचं?" त्याच वेळी पुढून एका प्राथमिक शाळेचा वर्ग परत येत होता, शिक्षिकेने ढगाकडे बोट केले होते आणि दहा-अकरा वर्षांची ती मुले एका शब्दाने कुरकुर न करता माघारी निघाली होती. भाच्याने त्यांच्याकडे पाहिले आणि गुपचूप वळला. दोरगाडीच्या स्टेशनाजवळच्या उपाहारगृहात आम्ही सूपाची वाटी पुढे घेऊन बसलो तेव्हा बाहेर गारा पडत होत्या, आणि विजा कड्यावर कोठे पडतात ते मुले काचेला नाक लावून मोजीत होती. त्याला त्या दिवशी हिमनदी दिसली नाही ती नाहीच. दोन दिवसांनी प्रवासी कंपनीच्या गटाबरोबर युंगफ्राऊयोखवर जाऊन त्याने तिचे वरचे टोक पाहिले आणि मला छायाचित्र पाठविले. खाली एकच ओळ होती: मामा, दुसऱ्या बाजूने गाठली.

ह्या खोऱ्याची केवळ स्तुती करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. उगमाकडच्या ऱ्होन हिमनदीचे बर्फ उन्हाने वितळू नये म्हणून उन्हाळ्यात तिच्या काठावर पांढरी कापडे अंथरतात. ते दृश्य मी प्रथम पाहिले तेव्हा मला हसू आले होते, पुढच्या वर्षांत येईनासे झाले. गावांतली कित्येक घरे वर्षाचे बहुतेक महिने बंद असतात, कारण त्यांचे मालक शहरांत राहतात. १९१२ पासून अमलात असलेली दिवाणी संहिता रानात आणि कुरणात शिरण्याचा हक्क सर्वांना देते, पण रान राखणारी माणसे देण्याची तरतूद कोणत्याच संहितेत नसते. ज्या शांततेची वाखाणणी पाहुणे करतात तिचा एक भाग हा ओसाडीचा आहे. आणि तरुण मंडळी जातात कोठे, तर ब्रिग-फिस्पच्या कारखान्यांत, म्हणजे ज्याने मला पगार दिला त्या ठिकाणीच. माझ्या त्या सहकाऱ्याचा मुलगा आता प्रयोगशाळेत आहे, आणि त्याने गाई विकल्या. तो सुखी आहे. त्याला दोष देण्याचा अधिकार, रविवारी दोन तास दंताळे धरणाऱ्याला तर मुळीच नाही.

तेव्हा आपल्या प्रवासी मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. कंपनीच्या कार्यक्रमात एक दिवस मोकळा असला, तर गोम्समध्ये म्युन्स्टरला किंवा रेकिंगेनला उतरा आणि नदीकाठच्या सपाट वाटेने पुढच्या एखाद्या स्टेशनापर्यंत चालत जा. वाट सोपी आहे, पाट्या जागोजाग आहेत, आणि सायकल हवी असेल तर भाड्याने मिळते. खाद्यपदार्थांची वेष्टने परत खिशात घाला, मोबाइलवरची गाणी कानांतच राहू द्या, समोरून येणाऱ्याला नमस्कार करा. आणि जूनमध्ये गेलात तर फुलांनी भरलेल्या कुरणात छायाचित्रासाठी शिरू नका. ते गवत कोणाच्या तरी गाईंचा हिवाळ्याचा चारा असते, तुडविलेले गवत विळ्याखाली नीट येत नाही, आणि त्या उंचीवर पहिली कापणी साधारणपणे जूनअखेर सुरू होते.